रो-हाऊससाठी जनरेटर: केव्हीए सगळ्यात शेवटी ठरवा

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. धायरीत तीन मजली रो-हाऊस. महावितरणचे थ्री फेज कनेक्शन, गच्चीवर ३ किलोवॉटचे ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेले सोलर. तीन एसी, दोन एचपीची सिंगल फेज बोअरची मोटर, दोघांचे घरून काम. घरात वयस्कर आई-वडील, आणि वडिलांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. पावसाळ्यात लाइट गेली की कधी तासाभरात येते, कधी सकाळी गेलेली रात्री येते. एका डीलरने १५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायचे एकक) सायलेंट डिझेल जनरेटर सेट सांगितला आहे, शेजारी म्हणतात इन्व्हर्टर पुरे. कोणाचे ऐकायचे?

पुण्यातल्या बंगल्यांची आणि सोसायट्यांची वायरिंगची कामे ठेकेदार म्हणून बरीच वर्षे करतोय, त्या अनुभवावरून सांगतो: दोघांचेही पूर्ण ऐकू नका.

डीलरचे १५ केव्हीए कुठून आले हे घर न बघताही सांगता येते. तीन एसी, मोटर, गीझर, ओव्हन, वॉशिंग मशीन असे सगळ्यांचे वॉट एकाखाली एक मांडले, बेरीज केली आणि वर थोडे चढवले. बेरीज बरोबरच असेल. पण लाइट गेलेली असताना तिन्ही एसी आणि गीझर लावून वर मोटर चालू करणारे घर माझ्या पाहण्यात नाही. मोठा सेट घेतला की बिघडते काय? पैसे तर जातातच, शिवाय डिझेल इंजिनाला कमी लोड मानवत नाही. सिलिंडर हवा तेवढा तापत नाही, डिझेल धड जळत नाही, आणि अर्धवट जळलेले तेल सायलेन्सरमध्ये साठून एक्झॉस्टच्या जोडांतून काळे ओघळ यायला लागतात. क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली सेट तासन् तास चालवू नये. १५ केव्हीए म्हणजे साधारण १२ किलोवॉट. त्यावर रात्री पंखे, फ्रिज आणि कॉन्सन्ट्रेटर एवढेच चालले तर लोड दहा टक्क्यांच्या आसपास. दोन पावसाळ्यांत इंजिन धूर ओकायला लागेल आणि मग 'डिझेलमध्ये भेसळ असते हो' असे सगळे म्हणतील.

म्हणून केव्हीए बाजूला ठेवा आणि आधी एक कागद घ्या. लाइट नसताना काय चाललेच पाहिजे, काय चालले तर बरे आणि काय बंद राहिले तरी चालेल, असे तीन रकाने करा. तुमच्या वर्णनावरून पहिला रकाना असा होतो: सगळ्या खोल्यांचे दिवे-पंखे मिळून ६०० वॉट, फ्रिज १५०, पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५०, राउटर आणि दोन लॅपटॉप २००, पाण्याचा प्युरिफायर आणि टीव्ही मिळून १५०. म्हणजे दीड किलोवॉटच्या आत. त्यात आई-वडिलांच्या खोलीतला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी धरा, तो पूर्ण जोरात असताना १६०० वॉटपर्यंत घेतो. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत असेल तर आणखी ४०० वॉट. झाले साडेतीन किलोवॉट. मधूनच मिक्सर लागला तर सव्वाचार.

हे आकडे अंदाजाचे आहेत. वायरमनला बोलावून क्लॅम्प मीटरने प्रत्येक सर्किटचा करंट मोजून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. वस्तूवरच्या प्लेटवर लिहिलेले वॉट आणि प्रत्यक्ष खेचली जाणारी वीज यांत फरक असतो, विशेषतः जुन्या फ्रिजच्या बाबतीत.

आता बोअरची मोटर. घरगुती जनरेटरचा आकार बहुतेक वेळा ही एकटी मोटर ठरवते आणि ते कोणी सांगत नाही. दोन एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल चालताना १२ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना त्याच्या चौपटीपर्यंत उसळी मारते. म्हणजे त्या दोन-तीन सेकंदांसाठी ४५-५० अँपिअर, अर्थात दहा-अकरा केव्हीए. जनरेटर लहान असेल तर व्होल्टेज कोसळते, घरातले दिवे मिणमिणतात, एसी ट्रिप होतो आणि मोटर सुरू न होता नुसती गुरगुरत राहते. दोन सेकंदांच्या या उसळीसाठी दुप्पट क्षमतेचा सेट घेऊन तो वर्षानुवर्षे अर्धपोटी चालवायचा, हे मला पटत नाही. बोअरची मोटर जनरेटरवर घेऊच नका. गच्चीवरची टाकी पुरेशी मोठी ठेवा आणि पावसाळ्यात ती रोज सकाळी भरलेली असेल अशी सवय लावा. जमिनीखालच्या टाकीतून पाणी वर चढवायला अर्धा एचपीचा साधा पंप असेल तर तो जनरेटरवर खुशाल घ्या. मोटर घ्यायचीच झाली तर ती एकटी सुरू करा, एसी नंतर. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला लक्षात राहील असे गृहीत धरू नका.

मोटर वगळली की तुमच्या घराला साडेसात केव्हीएचा सिंगल फेज सेट पुरतो. सहा किलोवॉटच्या सेटवर साडेतीन किलोवॉट म्हणजे ५५-६० टक्के लोड. डिझेल इंजिन तिथे खूश असते. दुसरा एसी लावायचा मोह झाला तरी जमून जाईल. गीझर मात्र नको, दोन किलोवॉट उगाच जातात. आंघोळीचे पाणी गॅसवर तापवा.

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्याकडे. इन्व्हर्टर पुरेल का? एक-दोन तासांसाठी नक्की पुरेल. १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांची कागदावरची साठवण ३६०० वॉट-अवर असते, पण इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते हे धरले की हातात साधारण २४०० उरतात. ६५० वॉटवर साडेतीन तास. पुण्यात रोजचे जाणे-येणे एवढ्यातच आटोपते. अडचण होते ती झाड तारांवर पडले, ट्रान्सफॉर्मर गेला किंवा रस्ता खोदताना जेसीबीने जमिनीखालची केबल तोडली तर. केबल फॉल्ट शोधून, खड्डा करून, जॉइंट मारेपर्यंत आठ-दहा तास सहज जातात, आणि ते वर्षातून एकदा-दोनदा होतेच. शिवाय महावितरणची गुरुवारची देखभाल-दुरुस्ती आहेच, पण ती आधी कळते. २००६ साली पुण्याने भारनियमन टाळण्यासाठी उद्योगांच्या कॅप्टिव्ह, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी असलेल्या जनरेटरची मदत घेऊन 'पुणे मॉडेल' उभे केले होते. तेव्हा कमी पडत होती ती वीज. आता वीज आहे, ती घरापर्यंत पोचवणारी तार तुटते. म्हणून तुमची गरज रोजची नाही, क्वचितची पण लांबची आहे. इन्व्हर्टर रोजसाठी आणि त्याच्या मागे जनरेटर लांबच्या खंडासाठी, अशी जोडी तुमच्या घराला बसते.

वडिलांच्या कॉन्सन्ट्रेटरबद्दल जरा थांबून लिहितो. तो थेट जनरेटरच्या भरवशावर ठेवू नका. जनरेटर कितीही चांगला असला तरी सुरू व्हायला वेळ घेतो, आणि एखाद्या दिवशी सुरूच होत नाही. कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरच्या सर्किटवर हवा, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे महावितरणसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा हवा. स्क्वेअर वेव्हवर त्याचा कॉम्प्रेसर तापतो. त्याखेरीज घरात भरलेला बी-टाइप सिलिंडर ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरच्या धारेने बारा तास. धार किती ठेवायची ते डॉक्टर सांगतील. सिलिंडर जनरेटर आणि डिझेलच्या डब्यांपासून लांब, दुसऱ्या खोलीत.

इन्व्हर्टर आणि जनरेटर यांचे आपसांत पटेल ना, हेही आधी तपासा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला मागे एक बटण असते: यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. यूपीएस मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज नाकारतो आणि फ्रिक्वेन्सी हलली तरी नाकारतो. मग होते असे, की बाहेर जनरेटर धडधडतोय आणि आत इन्व्हर्टर बॅटरीवरच चाललाय, चार्जिंग शून्य. सेट बसवल्याच्या दिवशी हे मुद्दाम बघायचे. जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडवर ५० हर्ट्झच्या जवळ आणून घेतली की बहुतेकदा जमते. नाहीच जमले तर इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर टाका आणि कॉन्सन्ट्रेटर व राउटरला वेगळा छोटा ऑनलाइन यूपीएस (क्षणभरही खंड पडू न देणारा) द्या.

सोलरचे प्रकरण याहून नाजूक आहे. ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती सोय असते. पण तुमच्या सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या (घराला महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) घराकडच्या बाजूला झालेली असेल, तर जनरेटर सुरू होताच सोलर इन्व्हर्टरला वाटते ग्रिड आली. तो जागा होतो आणि वीज ढकलायला लागतो. दुपारी घरात एक किलोवॉट वापर आणि गच्चीवरून अडीच किलोवॉट येत असेल तर उरलेली वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते. डिझेल सेटला ती पचत नाही. व्होल्टेज आणि वेग वर चढतात, अल्टरनेटर (सेटमधला वीज तयार करणारा भाग) किंवा घरातली उपकरणे जळू शकतात. त्यामुळे सोलरची केबल चेंजओव्हरच्या आधी, महावितरणच्या बाजूलाच हवी. तुमच्या डीबीत (घरातल्या वीजवाटपाच्या बोर्डात) ती नेमकी कुठे जोडलीय ते जनरेटरची ऑर्डर देण्याआधी बघून घ्या. सोलर हायब्रिड करून लिथियम बॅटरी घालायचा पर्यायही आहे, आणि घरात फक्त दोघे तरुण असते तर मी तुम्हाला तोच सुचवला असता. पण जून-जुलैत चार-चार दिवस ऊन पडत नाही आणि लांबचे खंड नेमके तेव्हाच होतात.

इंधनावर फार वेळ घालवत नाही. पेट्रोलचे दोन-तीन केव्हीएचे पोर्टेबल इन्व्हर्टर-जनरेटर एसी नको असेल तर उत्तम, वीज स्वच्छ, आवाज कमी. साडेसातच्या घरात तेच पेट्रोल महागात पडते. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पावसाळ्यात ओल धरते आणि महिनोन् महिने पडून राहिले की कार्ब्युरेटर चिकटतो. पोर्टेबल सेट घेतलाच तर ठेवून देण्याआधी कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, तेवढ्याने लहान पेट्रोल इंजिनाची ताकद पाच-सहा टक्के कमी धरा. डिझेल सेटला इथल्या उंचीचा फरक जवळपास पडत नाही. खर्चाचा अंदाज हवा असेल तर लहान डिझेल सेट लिटरमागे अडीच-पावणेतीन युनिट देतो. तुमच्या लोडला तासाला सव्वा ते दीड लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर युनिट तीस-पस्तीस रुपयांना पडते, म्हणून गंमत म्हणून सेट चालवायचा नाही.

कंपनी कोणती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. किर्लोस्कर आणि कमिन्स दोघेही पुण्याचेच म्हणावेत असे, शिवाय महिंद्राही आहे. माझ्या मते इंजिन कोणाचे यापेक्षा सर्व्हिसचा माणूस धायरीत किती तासांत पोचतो हे महत्त्वाचे. डीलरला सरळ विचारा आणि लेखी घ्या. सेट नवीन असेल तर तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी फोर प्लस मानकाचा असायला हवा. ते मानक १ जुलै २०२३ पासून लागू झाले आणि जुन्या मानकाचा साठा विकायची मुदत ३० जून २०२४ ला संपली. 'गोडाऊनमध्ये एक जुना नवा पीस आहे, स्वस्तात देतो' असे कोणी म्हणाले तर हसून निघून या.

जागेबद्दल. रो-हाऊसला बाजूची मोकळी जागा अरुंद असते आणि सगळ्यांना जनरेटर पार्किंगमध्ये ढकलायचा असतो. शटर लागणाऱ्या किंवा तीन बाजूंनी बंद असलेल्या पार्किंगमध्ये जनरेटर कदापि नको. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. पार्किंगमधून जिन्याने तो वायू थेट वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत चढतो, आणि तुमच्या घरात आधीच श्वासाचा त्रास असलेले माणूस आहे. सेट मागच्या किंवा पुढच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवा, बेडरूमच्या खिडकीखाली नको, आणि शेजाऱ्याच्याही नको. कॅनॉपीच्या (सेटभोवतीच्या आवाजरोधक पेटीच्या) चारही बाजूंना माणूस वाकून काम करू शकेल एवढी, मीटरभर तरी जागा सोडा. गरम हवा जिथून बाहेर पडते ते तोंड भिंतीला टेकले तर तीच गरम हवा पुन्हा आत खेचली जाते आणि सेट एप्रिलच्या उन्हात तापून बंद पडतो.

एक्झॉस्ट पाइप वर न्यायचा. नियमाचा हिशेब असा: इमारतीच्या उंचीवर, केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. साडेसात केव्हीएला ते छताच्या वर अर्धा मीटरच्या आसपास येते. तीन मजले पाइप चढवायचा तर त्याचा व्यास सेटच्या आउटलेटपेक्षा मोठा लागतो आणि बेंड कमीत कमी, नाहीतर इंजिनाला धूर ढकलतानाच दम लागतो. हात पोचेल तिथपर्यंत पाइपला ग्लासवूल आणि वरून पत्रा. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून टोक तिरके कापून घ्या किंवा टोपी बसवा.

जमिनीची पातळी बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याकाठी आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी कुठवर आले ते आठवा. तुमचे घर ओढ्यापासून लांब असेलही, पण रस्त्याचे पाणी गेटमधून आत येत असेल तर आरसीसीचा चौथरा त्या रेषेच्या वरच बांधा. पूर नसेल तिथेही जमिनीपासून अर्धा फूट तरी उंच. गच्चीवर ठेवायचा विचार करणारे भेटतात. सायलेंट सेटचे वजन पाच-सहाशे किलोपर्यंत जाते, वर कंपने. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय नको.

आणि 'सायलेंट' या शब्दावर विसंबून शेजाऱ्यांना शब्द देऊ नका. मानकानुसार कॅनॉपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबल कमी होतात, तेही मोकळ्या मैदानात. दोन भिंतींच्या बोळात आवाज घुमतो. आठ मीटरवर ५७ धरा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे रात्री शक्य तितके इन्व्हर्टरवर आणि जनरेटर दोन-तीन तास बॅटरी भरण्यापुरता, हाच शहाणा क्रम. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. लाइट गेलेल्या रात्री एखादे चार्जिंगचे एक्स्टेंशन त्यांच्याकडे सोडले की तक्रार येत नाही, हेही खरे.

आता ज्यावर पैसे वाचवायचे नाहीत ते काम: चेंजओव्हर. काही वायरमन मेन स्विच पाडतात आणि जनरेटरची वायर एखाद्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये उलटी घालतात. घरात दिवे लागतात आणि सगळे खूश होतात. मेन पाडायचा विसरला तर? तुमचे २३० व्होल्ट बाहेर पडून डीपीच्या ट्रान्सफॉर्मरला खालून मिळतात आणि तो उलटा चालतो. वरच्या तारेवर ११ किंवा २२ हजार व्होल्ट उभे राहतात. त्याच वेळी कोणी लाइनमन लाइट बंद आहे असे समजून खांबावर असतो. म्हणून दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडलेच जाऊ शकणार नाहीत असा यांत्रिक चेंजओव्हर हवा. महावितरणच्या परवानगीशिवाय जनरेटर त्यांच्या पुरवठ्याला समांतर जोडणे नियमातही बसत नाही.

तुमच्या घरात थ्री फेज पुरवठा आणि सिंगल फेज जनरेटर, अशी जोडी होणार आहे. यावर पुण्यात सर्रास चालणारा जुगाड म्हणजे फोर पोल चेंजओव्हर घ्यायचा आणि जनरेटरच्या बाजूला तिन्ही फेज एकत्र लूप करायचे. सगळे घर चालते, म्हणून लोकांना आवडते. धोका न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेत आहे. थ्री फेजवर तिन्ही फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना बऱ्यापैकी रद्द करतात, त्यामुळे बारीक न्यूट्रल चालून जाते. लूप केल्यावर ते सगळे एकाच दिशेने बेरजेत येतात आणि वायर तापते. शिवाय एखादी थ्री फेज मोटर चुकून त्यावर राहिली तर ती जळते.

योग्य पद्धत ही: पहिल्या रकान्यातली सर्किटे वेगळी काढून त्यांचा स्वतंत्र डीबी करायचा, त्यांचे न्यूट्रलही वेगळे. त्या डीबीला एक फेज महावितरणकडून आणि दुसऱ्या बाजूने जनरेटर, मध्ये दोन पोलचा चेंजओव्हर. साडेसात केव्हीएचा पूर्ण करंट ३३ अँपिअरच्या आत येतो, तेव्हा ६३ अँपिअरचा चेंजओव्हर आणि १० चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड केबल ऐसपैस होते. न्यूट्रलही चेंजओव्हरने बदललाच पाहिजे. तो सामाईक ठेवला की आरसीसीबी (गळतीचा करंट दिसताच वीज तोडणारा स्विच) कारण नसताना ट्रिप होतो, आणि मग वायरमन आरसीसीबीच बायपास करून जातो. जुन्या घरात सर्किटे वेगळी काढायला दोन-तीन दिवस लागतात, थोडी भिंतही फुटते. ठेकेदार टाळाटाळ करेल. तुम्ही टाळू नका, कारण लहान सेट पुरेल की नाही हे या डीबीवरच अवलंबून आहे.

घरात दिवसा आई-वडीलच असतात, म्हणून ऑटोमॅटिक पॅनेल घ्या. लाइट गेली की तो स्वतः सेट सुरू करतो, व्होल्टेज स्थिरावले की लोड टाकतो, लाइट परतली की थोडा वेळ थांबून लोड परत देतो आणि इंजिन गार होऊ देऊन बंद करतो. इन्व्हर्टर मध्ये असल्याने पॅनेलला दहा मिनिटांचा उशीर लावून ठेवा. पाच मिनिटांच्या झटक्याला इंजिन सुरू होत नाही.

अर्थिंगसाठी चार खड्डे: दोन न्यूट्रलला, दोन बॉडीला. 'घराचे अर्थिंग आहे ना, त्यालाच जोडतो' हे ऐकून घेऊ नका. अल्टरनेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर घरातला आरसीसीबी शॉक लागला तरी पडत नाही, कारण गळतीच्या करंटला परतायची वाटच नसते. तो नुसता शोभेला राहतो. बॉडीचे अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेले हवे. आपल्याकडे तीन-चार फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, खड्डा खोल जात नाही. अशा वेळी केमिकल अर्थिंग करून घ्या आणि अर्थ टेस्टरने मोजलेला आकडा लिहून मागा. पाच ओमच्या आत असावा, आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजावा. हे सगळे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करा, त्याचा टेस्ट रिपोर्ट ठेवा. आपल्या क्षमतेच्या सेटला विद्युत निरीक्षक कार्यालयात काय नोंद लागते ते त्याच्याकडूनच पूर्ण करून घ्या.

डीलरला कोटेशन मागताना सेटच्या किमतीवर थांबू नका. चौथरा, एक्झॉस्ट पाइप, केबल, पॅनेल, अर्थिंग, पहिले ऑइल आणि कूलंट, वाहतूक, क्रेन यांतले काय धरले आहे आणि काय नाही ते वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. स्वस्त कोटेशनमध्ये यांतले अर्धे गायब असते. शेवटचे बिल लोड टेस्ट झाल्यावर द्यायचे, हेही त्यातच लिहा. टेस्ट म्हणजे बटण दाबून फोटो काढणे नव्हे. एसी आणि टेस्टपुरता गीझर लावून सेटवर तीन-चतुर्थांश लोड टाका, तासभर चालवा. रिकाम्या सेटला फ्रिक्वेन्सी ५२ च्या आसपास आणि लोडवर ५० च्या जवळ, व्होल्टेज २२० ते २४०. गीझर एकदम चालू-बंद करून बघा, दिवे किती हलतात ते दिसेल. त्याच वेळी इन्व्हर्टर चार्जिंग घेतोय का आणि सोलर झोपलेला आहे का, हेही बघून घ्या.

त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस मिनिटे, एसी लावून चालवा. रिकामा चालवण्यात फायदा नाही. सुरू न होण्याचे सगळ्यात मोठे कारण इंजिन नसते, स्टार्टिंगची बॅटरी असते. पॅनेलमध्ये तिचा चार्जर आहे ना आणि तो चालू आहे ना हे बघा. ऑइल तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदला. टाकीत डिझेल महिनोन् महिने तसेच ठेवू नका, तळाशी पाणी साठते आणि त्यात शेवाळासारखा गाळ धरतो. पावसाळा संपला की वॉटर सेपरेटर उघडून निचरा करा. तुमच्या भागात बांधकामे चालू आहेत, एअर फिल्टर वेळेआधी भरेल. आणि कॅनॉपीच्या आत उबदार असते म्हणून उंदीर शिरतात, वायरी कुरतडतात. केबल आत जाते त्या भोकाला जाळी आणि पुट्टी मारून घ्या, आणि सर्व्हिसच्या माणसाला दर वेळी कॅनॉपीचे मागचे दार उघडायला लावा, तो स्वतःहून उघडत नाही.